मुलीला सिरॅमिक शिकायचंय, नोकरी मिळेल का?

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीत टर्नर आहे. मुलगी नागपुरातच बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. एक व्याख्यान ऐकून आली आणि आता ‘ऑक्सिनायट्राइड’ सिरॅमिकवरच संशोधन करायचं म्हणते. कपबशा-फरशांच्या धंद्यात एवढं शिकून पोट भरेल का? – एक पालक

नमस्कार. तुम्ही टर्नर आहात हे वाचून बरं वाटलं, कारण मुलीचा विषय कदाचित तुमच्या हाताखालून गेलेला असेल. बीड (ओतीव लोखंड) किंवा निकेलचे मिश्रधातू जास्त वेगात कापायला सिरॅमिकचे इन्सर्ट, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवायचे कापणारे तुकडे, लावतात ना, त्यातली एक जात सायलॉनची. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन आणि नायट्रोजन. नेहमीच्या सिरॅमिकमध्ये ऋणभारित अणू बहुधा एकट्या ऑक्सिजनचे असतात, इथे जोडीला नायट्रोजनही बसतो, म्हणून नाव ऑक्सिनायट्राइड. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटन आणि जपानमध्ये सायलॉनचा शोध लागला. आज तो बाजारात मिळतो.

तिला भुरळ पडली असेल ती मात्र वेगळ्या गोष्टीची. टँटॅलम ऑक्साइडची भुकटी पांढरीशुभ्र असते. अमोनियाच्या प्रवाहात ती तापवली की नायट्रोजन आत शिरतो आणि भुकटी पिवळसर होते. सगळ्या ऑक्सिजनची जागा नायट्रोजनने घेतली की लाल! नायट्रोजन आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनइतके घट्ट धरून ठेवत नाही, त्यामुळे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही शोषला जातो. म्हणूनच उन्हाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन काढायला आणि विषारी कॅडमियमच्या रंगांना पर्याय म्हणून अशी संयुगं तपासली जात आहेत. मला स्वतःला हे फार सुंदर वाटतं. पण यातलं बरंचसं अजून प्रयोगशाळेतच आहे.

त्यामुळे एका संयुगाच्या मागे न लागता तिने मटेरियल्स सायन्सचा, म्हणजे पदार्थांची रचना आणि गुणधर्म यांच्या शास्त्राचा, पाया पक्का करावा. आधी ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी., मग ‘गेट’ ही परीक्षा देऊन मटेरियल्स किंवा सिरॅमिकमध्ये एम.टेक. किंवा थेट पीएच.डी. आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीत धातुशास्त्र व पदार्थ अभियांत्रिकीचा विभाग आहे. खास सिरॅमिकसाठी राउरकेलाची एनआयटी आणि वाराणसीची आयआयटी. एक्स-रे विवर्तन (क्ष-किरणांनी पदार्थाची आतली रचना ओळखणं) आणि भट्टी हाताळणं नीट आलं, तर रिफ्रॅक्टरी (भट्टीच्या उष्णतारोधक विटा), कटिंग टूल, कोटिंग, एलईडीचे फॉस्फर (प्रकाशाचा रंग बदलणारी भुकटी) अशी बरीच दारं उघडी राहतात. कमाई मात्र उशिरा सुरू होईल, पाच-सात वर्षांची घरची तयारी हवी.

एक झिजलेला सिरॅमिक इन्सर्ट मिळाला तर घरी न्या. त्याची कड कशी उडते, कोणत्या कामाला टिकतो, हे तिला तुमच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही.