‘मॅडम, सगळे माझ्याकडेच बघतात’

गेल्या काही वर्षांत समुपदेशनाच्या माझ्या कामात एक तक्रार माझ्यापर्यंत इतक्या वेळा आली आहे की, बोलणाऱ्याचे पहिले वाक्य संपण्याआधीच मला दुसरे वाक्य ठाऊक असते. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत, पोलंडमध्ये, जपानमध्ये नाहीतर दक्षिण कोरियात असते, नोकरी बरी असते, खोली उबदार असते आणि तरीही व्हिडिओ कॉलवर चेहरा उतरलेला असतो. “इथे लोक टक लावून बघतात,” हे ते दुसरे वाक्य. पूर्वी सोलापुरातली मुले शिकून पुण्या-मुंबईला जात आणि तिथल्या गर्दीत मिसळून जात. आता वाट लांबची झाली आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, आणि त्यानंतर आपल्याकडच्या ज्या घरांत कधी पासपोर्ट नव्हता तिथेही जर्मन शब्द पाठ करण्याचे आवाज येऊ लागले. बर्लिन किंवा फ्रँकफुर्टमध्ये आपल्याला पाहून कोणी मान वळवत नाही; पण रुग्णालये, वृद्धाश्रम आणि कारखाने लहान गावांतही असतात, आणि तिथे सकाळच्या बसमध्ये सावळा चेहरा कदाचित आपला एकट्याचाच असतो.

अशांपैकी एकीची हकिकत तिच्या संमतीने लिहीत आहे. तिला वैशाली म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैशाली सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, दारात मराठी, वडील यंत्रमागावर. परिचारिकेचे शिक्षण आणि जर्मन भाषेची परीक्षा अशा दोन्ही पायऱ्या चढून ती जर्मनीतल्या एका छोट्या गावात वृद्धांची शुश्रूषा करण्यासाठी गेली. पाचव्या महिन्यात तिच्या आईने माझ्याशी संपर्क साधला, कारण मुलगी फोनवर बोलेनाशी झाली होती.

व्हिडिओ कॉलवरच्या पहिल्या काही भेटींत मला जे दिसले ते असे. वैशाली दिवसेंदिवस स्वतःला कमी करत चालली होती. आधी तिने केसांना तेल लावणे सोडले. मग फोडणी देणे सोडले, कारण कपड्यांना वास राहतो आणि म्हणूनच लोक बघत असतील, असे तिला वाटले. आईने बांधून दिलेली शेंगा चटणी तिने दोन पिशव्यांत गुंडाळून कपाटात मागे सारली. कामावर जायला ती गर्दीच्या बसआधीची बस धरू लागली आणि वृद्धाश्रमाच्या बंद दारासमोर थंडीत पाऊण तास उभी राहू लागली. सुटीच्या दिवशी ती खोलीबाहेर पडेनाशी झाली. तिच्या रस्त्यावर पहिल्या मजल्याच्या खिडकीत उशीवर कोपर टेकून रस्ता न्याहाळत बसणाऱ्या एक आजी होत्या. त्यांची नजर चुकवण्यासाठी ती रोज मोठा वळसा घालून जाई.

माझी सुरुवात चुकली, हे कबूल केले पाहिजे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. एका गायकाचे चित्र असलेला, त्या वयाच्या मुलांना लाजिरवाणा वाटणारा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना एका खोलीत पाठवले. किती जणांच्या ते लक्षात आले असेल, असे विचारल्यावर त्यांनी सुमारे निम्म्या लोकांच्या, असा अंदाज केला, आणि प्रत्यक्षात ते सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच लक्षात आले होते. लोक आपल्याकडे आपल्याला वाटते तितके बघत नाहीत, हे सांगायला हा प्रयोग उत्तम आहे. मी तो मोठ्या उत्साहाने सांगितला. वैशाली शांतपणे म्हणाली, “मॅडम, टी-शर्ट काढता येतो.”

या उत्तराने मी गप्प झाले. तिच्याकडे लोक खरोखरच बघत होते. जे घडत आहे ते घडतच नाही, असे सांगणाऱ्या समुपदेशकावर कोण विश्वास ठेवील? तरी पुढच्या भेटीत मी सोलापूरकराला शोभेल असा दुसरा प्रयत्न करून पाहिला. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले, खेड्यापाड्यांतल्या जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्याकडे किती डोळे लागले असतील, याची कल्पना कर, असे मी म्हटले. “ते डॉक्टर होते, मॅडम. त्यांची वाट बघत होते लोक. माझी कोण बघतंय?” हेही तिचे बरोबरच होते. थोर माणसाचे उदाहरण दुखणाऱ्या माणसाला बहुधा लहान करते, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवे होते.

घरची मंडळी तिला एकच सांगत होती: दुर्लक्ष कर. हा सल्ला देणाऱ्यांना एक विनंती आहे. एखाद्या गोष्टीकडे दुर्लक्ष करायचे ठरवले की, ती गोष्ट कुठे आहे हे सतत तपासत राहावे लागते. “मी बघतच नाही कोणाकडे,” असे म्हणणारी वैशाली बसमध्ये चढताच कोणत्या आसनावरचा कोण आपल्याकडे बघतो आहे, याची यादी अर्ध्या मिनिटात करत असे. तिच्याइतके बारकाईने त्या बसमध्ये कोणीच कोणाकडे बघत नव्हते.

मे महिन्यात ती तीन आठवड्यांसाठी घरी आली आणि आमची गाठ प्रत्यक्ष पडली. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांच्या वळणाची आहे आणि सव्वीस वर्षांत ते वळण सोडावे असे मला वाटलेले नाही. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने ग्रासलेल्यांना एलिस एक गमतीदार काम देत: केळ्याला दोरी बांधून, कुत्र्याला फिरवावे तसे ते भर रस्त्यातून ओढत न्यायचे. सोलापुरात केळे कशाला? मी वैशालीला म्हटले, “उद्या वडिलांच्या हातची चादर घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी पारा त्रेचाळीसच्या घरात होता. संध्याकाळी साडेपाचला, रस्ता अजून तापलेला असताना, वैशाली डोक्यावरून सोलापुरी चादर पांघरून नवी पेठेतून चालली आणि मी दहा पावले मागे राहिले. लाल-काळ्या नक्षीची ती जाड चादर लांबूनही उठून दिसत होती. लोक बघत होते, आणि आडून नव्हे, चांगले थांबून बघत होते. दोन मुले गाडी हळू करत ओरडली, “उन्हात चादर बे! थंडी वाजायली काय?” कापडाच्या दुकानातला माणूस गिऱ्हाईक सोडून पायरीवर आला. एका गजरेवालीने तर तिचा हातच धरला आणि विचारले, “ताप आलाय का गं बाळा? दवाखान्यात जा की.” वैशालीने तिला काहीतरी सांगितले, बाई हसली आणि पुन्हा गजरे ओवू लागली.

माझ्या खोलीत परतल्यावर तिने चादर बाजूला ठेवली, दोन ग्लास पाणी प्यायली आणि मग आमचे जे बोलणे झाले ते मी त्याच रात्री लिहून ठेवले.

“किती जणांनी बघितलं?”

“सगळ्यांनी.”

“तिथल्यापेक्षा कमी?”

“छे, कितीतरी जास्त. तिथे कोणी असं हात धरून विचारत नाही.”

“मग त्रास किती झाला?”

ती विचार करू लागली. “सुरुवातीला झाला. गजरेवालीने विचारल्यावर नाही झाला.”

“का?”

“तिने विचारलं ना. मी सांगितलं, मॅडमनी परीक्षा घेतली आहे. संपलं.”

“आणि तिथे?”

“तिथे कोणी विचारतच नाही. नुसतं बघतात.” आणि मग ती फार वेळ गप्प राहिली. मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणे हे माझ्या कामातले सर्वांत कठीण कौशल्य आहे आणि ते मला आता बऱ्यापैकी जमते. शेवटी ती स्वतःच म्हणाली, “ते विचारत नाहीत म्हणून मीच त्यांच्या वतीने विचारते. आणि उत्तरही मीच देते.”

“काय उत्तर देतेस?”

“की माझ्यात काहीतरी वाईट आहे.”

हे वाक्य तिच्या तोंडून आले, म्हणूनच ते तिचे झाले. मी ते पहिल्या भेटीत सांगितले असते तर तिने टी-शर्टाच्या प्रयोगासारखेच ते मला परत केले असते.

त्या संध्याकाळनंतर या तक्रारीकडे पाहण्याची माझीही रीत बदलली. अनोळखी गोष्ट समोर आली की, प्राण्याची मान आपोआप तिकडे वळते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव यांनी या प्रतिक्रियेला ‘हे काय आहे?’ असेच नाव दिले होते. म्हणजे टक लावून बघणे हा मुळात एक प्रश्न आहे आणि तो बहुतेक वेळा अर्धाच विचारला जातो. आपल्याकडे उरलेला अर्धा लगेच तोंडाने येतो: कुठले तुम्ही, कोणाच्या घरचे, इकडे कसे काय? आपल्याला तो भोचकपणा वाटतो, पण त्याने नजर मोकळी होते. जर्मनीत अनोळखी माणसाला असे खासगी प्रश्न विचारणे बरे मानत नाहीत. तिथे राहिलेल्या माझ्याकडच्या मुलांचा अनुभव असा की, नुसते पाहण्याचे मात्र तिथल्या लोकांना फारसे वावडे नसते. अर्धा प्रश्न हवेत लटकत राहतो आणि उरलेला अर्धा आपण आपल्या मनातल्या शब्दांनी पुरा करतो.

ते शब्द बहुधा तिकडचे नसतात. वैशाली बारा वर्षांची झाल्यापासून कोणी तिच्याकडे पाहिले की, घरातून एकच सूचना येई: ओढणी नीट कर, खाली बघून चाल. बघणाऱ्याला कोणी काही म्हणत नसे, दुरुस्ती व्हायची ती तिची. नजर म्हणजे आपली चूक, हा धडा तिने सामानाबरोबर सोलापुरातून नेला होता आणि खिडकीतल्या एका कंटाळलेल्या म्हातारीवर तो लागू केला होता. मुलींच्या बाबतीत मला हे वारंवार दिसते. मुलग्यांच्या मनातला धडा वेगळा असतो, बहुधा अपमानाचा, आणि ते उलट रोखून बघायला जातात. त्यातून भांडणापलीकडे काही निघत नाही.

परत जाताना मी तिला एक लहान वही दिली. प्रत्येक पानावर तीन रकाने: कोणी बघितले, मला काय वाटले, पुढे प्रत्यक्षात काय झाले. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही, ही एकच अट. तो भरायचा तर नजर टाळून चालत नाही, थांबावे लागते. बघणाऱ्याकडे क्षणभर पाहून मान हलवायची आणि ‘गुटन टाग’ म्हणायचे, इतकेच. मोठ्या शहरात रस्त्यावरच्या प्रत्येकाला असे म्हणणे विचित्र दिसेल, पण लहान गावात आणि विशेषतः दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात शिरताना हे तिकडचे साधे वळण आहे. उलट काही न बोलता जाऊन बसणाराच घुमा वाटतो. लहान मुले बघत असतील तर हसावे आणि त्यांच्या आईला अवघडल्यासारखे होऊ देऊ नये.

पहिल्या आठवड्याच्या वहीत ३१ नोंदी होत्या. त्यांपैकी १९ जणांच्या पुढे लिहिले होते, ‘काही नाही, मोबाईलमध्ये बघू लागला’ किंवा तशाच अर्थाचे काही. दहा जणांनी उलट अभिवादन केले होते. उरलेल्या दोन नोंदी मात्र खऱ्या द्वेषाच्या होत्या: बसथांब्यावर एकाने शिवी दिली होती, आणि दुकानात एकाने तिला ऐकू जाईल असे ‘आपल्या देशात जा’ म्हटले होते.

या दोन नोंदींवर आम्ही एक पूर्ण भेट खर्च केली, कारण वंशद्वेष हा मनाचा खेळ आहे असे कोणी माझ्या लिखाणावरून समजू नये. तिथे अभिवादन करत बसू नये. वाद न घालता चालकाजवळ किंवा इतर माणसांजवळ जावे, तारीख-वेळ लिहून ठेवावी, कामावरच्या विश्वासू सहकाऱ्याला त्याच दिवशी सांगावे, आणि धमकी किंवा पाठलाग असेल तर ११० हा पोलिसांचा क्रमांक फिरवावा. नोकरीत, घर भाड्याने घेताना किंवा दुकानात वंशावरून वेगळी वागणूक मिळाली तर जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा स्वतंत्र कायदा आहे आणि सल्ला देणारे सरकारी भेदभावविरोधी कार्यालयही आहे. एकतीसांतले दोन वेगळे काढता आले, हा मला वहीचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो. आधी तिच्या लेखी एकतीसही जण तेच दोघे होते. झोप उडाली असेल, खाणे तुटले असेल किंवा दोन-दोन आठवडे घराबाहेर पडणे होत नसेल, तर मात्र वहीवर विसंबू नये आणि तिथल्या डॉक्टरांना गाठावे.

आईवडिलांनाही थोडे सांगायचे आहे. “परत ये” आणि “लक्ष देऊ नकोस” ही दोन्ही वाक्ये काही दिवस बाजूला ठेवावीत आणि आज कोण बघत होते, पुढे काय झाले, असे गप्पांच्या ओघात विचारावे. वैशालीच्या आईला हे फार छान जमले. त्या रोज रात्री खिडकीतल्या आजींची चौकशी करू लागल्या, जणू काही त्या शेजारच्या गल्लीतच राहतात.

वळसा आता बंद झाला होता. वैशाली रोज खिडकीखालून जाताना वर बघून अभिवादन करी आणि आजी हात किंचित वर करीत. त्यापलीकडे महिनोनमहिने एक शब्दही नव्हता. नोव्हेंबरमधल्या एका कॉलवर ती जरा घाईत होती.

“मॅडम, तीन दिवस खिडकी बंद आहे. मी आज खाली उभी राहून बघत होते, तर समोरची बेकरीवाली माझ्याकडेच टक लावून बघायला लागली.”

“मग?”

“मग काय, आत गेले आणि विचारलं, वरच्या आजी कुठे आहेत. मुलीकडे गेल्यात म्हणे. रविवारी येणार आहेत.”