हायब्रिड गाडीवर इन्व्हर्टर लावून घरची उपकरणं चालवता येतात का?

प्रश्न असा आहे: ‘नागपूरला राहतो. नुकतीच स्ट्राँग हायब्रिड घेतली. उन्हाळ्यात लाइट गेली की १५०० वॉटचा इन्व्हर्टर लावून कूलर, फ्रिज, जमलंच तर एसी चालवता येईल का? बॅटरी खराब होते का? वॉरंटी जाते का?’

एसीचं सोडून द्या. कूलर चालेल, फ्रिज एकटा असेल तर चालेल, पण गाडीच्या छोट्या, १२ व्होल्टच्या बॅटरीच्या बाजूने १५०० वॉट निघणार नाहीत. एवढ्यावर काम भागलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. ‘बॅटरी खराब होते का’ यावर आमच्या घरात २०२३ पासून वाद चालू आहे, आणि त्यात माझं म्हणणं बरोबर आहे.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना वेगळी सांगायला नको. आदल्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. आंबील, पुरण, सोळा भाज्या, सगळं साग्रसंगीत. दादा-वहिनी, मुलं मुक्कामाला होती. मध्यरात्रीनंतर जो पाऊस लागला त्यात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. आमची गल्ली जरा उंचावर, त्यामुळे पाणी फाटकाबाहेरच थांबलं. लाइट मात्र गेली होती. खालच्या घरांमध्ये मीटरच्या पेट्या पाण्यात असताना ती लगेच यावी असं म्हणणंही चुकीचं होतं.

आई तेव्हा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या मशीनवर होती. मशीन मिनिटाला पाच लिटरचं. अशी मशीन साधारण ३५० वॉट खातात. तुम्ही प्रवाह दोन लिटरवर ठेवा की चारवर, आतला कॉम्प्रेसर चालतोच, त्यामुळे विजेत फार फरक पडत नाही. घरच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, हाती लागतात बाराशेच्या आसपास. तीन-साडेतीन तासांचं गणित. उजाडता उजाडता इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला. ऑक्सिजनचा सिलिंडर घरात होता, पण रस्ते पाण्याखाली असताना दुसरा कुठून आणणार? तो अगदी शेवटासाठी राखून ठेवायचा असं मी ठरवलं आणि गाडीची किल्ली घेतली.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते. सीताबर्डीच्या मोदी नंबर दोनमधून घेतलेला ६०० वॉटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर गाडी आल्यापासून डिकीत असतो. त्याची जोडणीही रीतसर केलेली आहे: बॅटरीच्या टर्मिनलला बोल्टने लावलेले लग (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्या), हातभर लांबीची २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि बॅटरीला लागूनच ८० अँपिअरचा फ्यूज. गाडी पोर्चमधून बाहेर उघड्यावर घेतली, सायलेन्सर रस्त्याच्या बाजूला. ‘रेडी’, म्हणजे गाडी चालू असल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा, लागल्याची खात्री केली, पार्कमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि २३० व्होल्टची एक्स्टेन्शन खिडकीतून आईच्या खोलीत नेली. मशीनने एकदा बीप केलं आणि चालू झालं.

दादा मागे उभा. ‘काय करून राहिली तू? गाडी आहे का जनरेटर? अल्टरनेटर जळून जाईन ना!’

मी म्हटलं, ‘दादा, या गाडीत अल्टरनेटरच नाही.’

दादाचा इतवारीत ट्रकच्या स्पेअर पार्टचा धंदा आहे. डिझेल गाड्यांमधलं त्याला जे कळतं ते मला सात जन्मांत कळणार नाही, हे मी मनापासून म्हणते. पण अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणारा भाग, साध्या गाडीत असतो; हायब्रिडमध्ये विजेची वाटच वेगळी आहे. इंजिन आणि मोटर-जनरेटर मिळून मोठी बॅटरी भरतात. माझ्या टोयोटा हायरायडरमध्ये ती १७७.६ व्होल्टची, पाऊण युनिटची लिथियम-आयन आहे. टोयोटाच्याच जुन्या प्रियस हायब्रिडमध्ये २०१.६ व्होल्टची, सव्वा युनिटच्या थोडी वर, निकेल-मेटल हायड्राइड होती. त्या मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर १४ व्होल्टच्या आसपास वीज काढतो आणि दिवे, वायपर, कॉम्प्युटर, छोटी बॅटरी हे सगळं त्याच्यावर चालतं. इन्व्हर्टर छोट्या बॅटरीला जोडला तरी गाडी ‘रेडी’ असताना वीज खरं तर या कन्व्हर्टरकडून येते. मोठी बॅटरी खाली आली की इंजिन आपोआप सुरू होतं, थोडा वेळ चालतं, ती भरून देतं आणि बंद पडतं. साध्या गाडीत एवढ्याच कामासाठी इंजिन तासन् तास आयडलवर ठेवावं लागलं असतं.

त्या दिवशी तसंच झालं. इंजिन मधूनच गुरगुरायचं, मग बराच वेळ शांतता. प्रत्येक वेळी ते सुरू झालं की दादा बाहेर जाऊन बॉनेटला हात लावून बघायचा. आईचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, मी तासातासाला वहीत लिहीत होते, ते खाली आलं नाही. दुपार उलटून गेली तेव्हा लाइट आली. पेट्रोलचा काटा जेमतेम हलला होता. गणितही तेच सांगतं: असल्या वापरात लिटरमागे दीड-दोन युनिट वीज हाती येते. पेट्रोल शंभराच्या वर आहे, म्हणजे युनिट पन्नास ते सत्तर रुपयांना पडतं. रोजच्या भारनियमनासाठी हा धंदा आतबट्ट्याचा आहे, अडचणीच्या दिवशी हिशेब कोणी करत नाही.

आता तुमच्या १५०० वॉटकडे येते. १२ व्होल्टवर १५०० वॉट म्हणजे इन्व्हर्टरमधला तोटा धरून दीडशे अँपिअरच्या आसपास. या गाड्यांचा कन्व्हर्टर साधारण शंभर अँपिअरच्या घरातला असतो आणि त्यातून गाडीला स्वतःलाही खायला लागतं. उरलेल्यातून ५००-६०० वॉट सुखाने निघतात. मोठा इन्व्हर्टर घेतला तर कमतरता छोट्या बॅटरीतून भरली जाईल आणि ती बिचारी ३५-४५ एएचची, कारण तिला इंजिनचा स्टार्टर फिरवायचा नसतो. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही, मोठी बॅटरी जोडणारे आतले रिले (विजेवर चालणारे स्विच) लागतच नाहीत. म्हणून गाडी बंद ठेवून इन्व्हर्टर चालवणं हा खरा गाढवपणा आहे. न्यूट्रलमध्येही ठेवू नका. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला मोठी बॅटरी चार्ज होत नाही.

डेझर्ट कूलरची मोटर पंपासकट दोनशे-अडीचशे वॉट घेते, चालेल. फ्रिज चालू असताना शंभर-दीडशेच घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट ओढतो. ६०० च्या इन्व्हर्टरवर नवीन इन्व्हर्टर-कॉम्प्रेसरवाला फ्रिज सहज सुरू होतो, जुना कधी होतो, कधी नाही. मिक्सर आणि फ्रिज एकदम नको. मॉडिफाइड साइन वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर आणूच नका, त्यावर मोटर घुमते आणि तापते, आणि वैद्यकीय मशीन तर त्यावर लावायचंच नाही. डॅशबोर्डच्या सॉकेटवर मोबाइल, लॅपटॉप, फार तर राउटर. त्याचा फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा असतो.

दादाचं पुढचं पालुपद. गेल्या उन्हाळ्यात माझी छोटी बॅटरी बदलावी लागली. तेव्हापासून प्रत्येक सणाला, प्रत्येक लग्नात तो सांगतो, ‘त्या दिवशीची करामत आहे ती.’ नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला उष्णतेइतका मोठा शत्रू नाही, पाणी उडतं, प्लेटा गंजतात. तीन-चार वर्षांत बॅटरी जाणं हे इथे प्रत्येक गाडीचं आहे, दादाच्या स्वतःच्या गाडीचंही आहे. त्या दिवशी माझ्या बॅटरीतून तीस अँपिअरसुद्धा सलग गेले नाहीत, ते कन्व्हर्टरने दिले.

आणि गाडीतून घर चालवणं हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. टोयोटाने जपानमध्ये २००१ सालच्या एस्टिमा हायब्रिडला १५०० वॉटचं घरगुती सॉकेट दिलं होतं. २०११ च्या भूकंप-त्सुनामीत अशा गाड्यांचा उपयोग झाला आणि मग प्रियसमध्येही ती सोय आली. अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० हायब्रिड पिकअपला ७.२ किलोवॉटची सॉकेट मिळतात. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासात लोकांनी त्यावर घरं चालवली. मात्र या गाड्यांमध्ये वीज थेट मोठ्या बॅटरीच्या बाजूने, कंपनीने बसवलेल्या इन्व्हर्टरमधून येते. आपल्याकडच्या हायब्रिडला तसं सॉकेट मिळालं असतं तर तुमचे १५०० वॉटही निघाले असते. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलला कोणा मेकॅनिकला हात लावू देऊन ती सोय घरी करायला जाऊ नका, माणूस जागेवर जातो.

‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणजे माइल्ड हायब्रिड (इंजिनला छोट्या मोटरची नुसती मदत असलेली) असेल तर वरचं काही लागू नाही, ती साधी पेट्रोल गाडीच समजा. तुम्ही स्ट्राँग लिहिलंय म्हणून हे सगळं सांगितलं.

वॉरंटीचं: गाडीची मूळ वायरिंग कापली तर त्या भागाचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं, आणि ते रास्तही आहे. बोल्टने लावलेली, सर्व्हिसिंगला जाताना काढून ठेवता येणारी जोडणी करा, आणि वॉरंटीचं पुस्तक एकदा वाचा.

आणखी काही गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघराच्या पार्किंगमध्ये हे कधीही करू नका. इंजिन शांत आहे म्हणून तुम्ही झोपाल आणि ते मध्यरात्री आपोआप सुरू होईल. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढतो, त्यामुळे गाडीच्या बाजूची खिडकी, वायर आत येण्यापुरती फट सोडून, बंद ठेवा आणि त्या फटीत जुनं कापड कोंबा. इन्व्हर्टरची वायर घराच्या बोर्डात उलटी घालू नका, वीज बाहेरच्या तारांत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनला शॉक बसतो. उपकरण थेट एक्स्टेन्शनवरच लावा. लांब न्यायची ती २३० ची वायर, १२ व्होल्टची नाही. उन्हाळ्यात मोठी बॅटरी तापू नये म्हणून काचा खाली करा किंवा गाडीचा एसी हळू चालू ठेवा. ज्या गाड्यांमध्ये मोठ्या बॅटरीला थंड हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून मिळते तिथे जाळीपुढे पिशव्या ठेवू नका. पार्कमध्ये बराच वेळ उभी राहिली की काही गाड्या आपोआप बंद होतात, तेव्हा अधूनमधून ‘रेडी’चा दिवा बघत राहा.

घरात कोणी मशीनवर असेल तर घरात सगळ्यात आधी भरलेला सिलिंडर हवा, मग घरचा इन्व्हर्टर, गाडी तिसरी. फक्त कूलरसाठी विचारत असाल तर घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी मोठी घ्या, ते स्वस्त पडेल. पण ६०० वॉटचा साइन वेव्ह डिकीत राहू द्या. आणि कोणी म्हणालं की अल्टरनेटर जळेल, तर त्यांना बॉनेट उघडून अल्टरनेटर दाखवायला सांगा.