पहिली येळवस करणाऱ्या सूनबाईला

लातूर-धाराशिवकडं येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, शेतात पंगतच बसते, म्हणून पोरी, आधी आंबिलीचं बघ. ज्वारीचं पीठ आदल्या रात्रीच ताकात कालवून ठेव. सकाळी शिजवून पूर्ण निवल्यावरच उरलेलं ताक, वाटलेला लसूण, जिरे, मीठ घाल. गरम आंबिलीत ताक फाटतं.

भज्जीत, म्हणजे दाणे-पालेभाज्यांच्या मिसळ भाजीत, तूर, हरभरा, वाटाण्याचे ओले दाणे आधी शिजव, मग पालेभाज्या. चिंचेचा कोळ दाणे मऊ झाल्यावरच. आधी घातला तर ते लवकर शिजत नाहीत. हरभऱ्याचं पीठ पाण्यात कालवून, हलवत सोड. पातळच ठेव, शेतात जाईपर्यंत आळते. बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, सोपे. गव्हाची खीर मात्र जाऊबाईंवर सोपव, पहिल्याच वर्षी कशाला?