घोडा लेथवर होत नाही

प्रश्न : घरच्या लेथवर बुद्धिबळाचा संच करतोय. बाभळीची प्यादी पंधरा दिवसांत तडकली आणि घोडा गाढवासारखा दिसतोय. काय चुकतंय?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : लाकूड ओलं होतं, दुसरं काय! वखारीतनं आणलं की लगेच लेथला लावायचं नसतं. इंचभर जाडीला वर्षभर वाळवण, हा जुना हिशेब. टोकांना फेव्हिकॉल फासून ठेवा. लाकूड टोकाकडनं आधी वाळतं आणि तिथनंच फाटतं. मधोमध गाभा आलेला तुकडा घेऊच नका. माझी सात प्यादी अशीच बंबात गेली. काळ्यांना शिसम, पांढऱ्यांना हळदू घ्या, रंगाची भानगड नको.

घोडा लेथवर फक्त बुडापुरता. वरचं सगळं हातानं. १८४९ पासून चालत आलेल्या स्टॉन्टन घाटात, म्हणजे स्पर्धांत दिसणाऱ्या नेहमीच्या सोंगट्यांच्या आकारात, खरी कसोटी या चार घोड्यांचीच. लाकडाच्या रेषा उभ्या ठेवा. आडव्या आल्या की मान मोडते. बाजूचा आकार पुठ्ठ्यावर कापून लाकडावर आखा, बारीक करवतीनं काढा, मग पटाशी. डोळे सगळ्यात शेवटी. माझा पहिला घोडा बघून नात म्हणाली, "आजोबा, कुत्रा झ्याक झालाय." अजून शोकेसमध्ये आहे तो.

राजा ९५ मिलिमीटरचा केलात तर पटाचं घर साडेपाच सेंटिमीटरचं धरा. बुडाला भोक पाडून आत वजनासाठी लोखंडी नट बसवा, खाली बनात (जाड लोकरी कापड) चिकटवा. पॉलिश मात्र पाऊस उघडल्यावरच.