पेशीत मोकळे लोह घातक ठरते, तर पेशी ते आणते आणि साठवते कसे?

पेशी लोह शक्यतो मोकळे सोडतच नाही. मोकळ्या फेरस (दोन धन प्रभारांच्या) लोहाची हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल मूलके हे अतिक्रियाशील कण तयार होतात आणि ती डीएनएपासून पेशीपटलापर्यंत सगळ्याची नासधूस करतात; म्हणून रक्तातले ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोहाचे दोन आयन घट्ट धरून आणते, पेशीवरील ग्राहीला (त्याला ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला) चिकटून पुटिकेतून, म्हणजे पटलाच्या छोट्या पिशवीतून, आत जाते आणि तिथल्या आम्लतेत लोह सोडते. लगेच न लागणारे लोह फेरिटिनमध्ये जाते. २४ घटकांच्या या पोकळ प्रथिनात सुमारे ४,५०० अणू मावतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते यामागचे नियमन. लोह कमी पडले की आयआरपी नावाची लोह-नियामक प्रथिने फेरिटिनच्या संदेशवाहक आरएनएवर (प्रथिन बनवण्याची सूचना नेणाऱ्या रेणूवर) बसून फेरिटिनचे उत्पादन रोखतात, आणि तीच प्रथिने ट्रान्सफेरिन ग्राहीचा आरएनए मात्र तुटण्यापासून वाचवतात, त्यामुळे एकाच संकेतावर साठवण घटते आणि आवक वाढते. लोह-आयन बाहेर नेणारे ज्ञात प्रथिन सस्तन प्राण्यांत एकच, फेरोपोर्टिन. यकृतातून येणारे हेप्सिडिन हे संप्रेरक तीही वाट बंद करू शकते. तांब्याच्या बाबतीतही अशीच काटेकोर व्यवस्था असून ते एका वाहक प्रथिनाकडून थेट पुढच्या प्रथिनाच्या हवाली केले जाते.