नोबेल देऊन झालं, आता त्या विषयात काय उरलं?

प्रश्न : मी एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. संक्रमण धातूंचे उत्प्रेरक वापरून होणाऱ्या रिअ‍ॅक्शन मला मनापासून आवडतात आणि पीएच.डी. त्यातच करावीशी वाटते. सीनियर म्हणतात, २०१० मध्ये नोबेल देऊन झालं, क्षेत्र संपलं, आता एन्झाइमचा जमाना आहे. बाबा म्हणतात, अ‍ॅनालिटिकल घे, नोकरी लवकर लागेल. काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. या क्षेत्रात काम उरलंय का, हा एक. आणि ते काम तुझ्या स्वभावाला मानवेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी देते. दुसऱ्याचं तुलाच शोधावं लागेल, ते कसं शोधायचं तेवढं सांगते.

हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चं नोबेल पॅलेडियमच्या क्रॉस-कपलिंगसाठी, म्हणजे दोन वेगळे कार्बनी तुकडे धातूच्या मदतीनं जोडण्यासाठी मिळालं, पण त्यांचं मूळ काम १९७० च्या दशकातलं. पारितोषिक जाहीर झालं तेव्हा ही पद्धत कारखान्यांत केव्हाच रुळली होती. रक्तदाबावरचं लोसार्टन आणि बोस्कॅलिड हे बुरशीनाशक ही त्याची उदाहरणं. दोन्हींच्या निर्मितीत बेंझिनची दोन कडी जोडायला सुझुकी कपलिंग, म्हणजे ज्यात एका तुकड्यावर बोरॉन असतं ती जोडणी, वापरलं गेलं आहे. त्याआधी २००१ आणि २००५ ची रसायनशास्त्राची नोबेलही धातूंच्या उत्प्रेरणालाच मिळाली होती. दहा वर्षांत तीनदा गौरव झाला, कारण या धातूंमुळे रेणू बांधण्याची रीतच बदलली.

काय बदललं ते नीट बघ. बेंझिनच्या कड्यावर एका जागी ब्रोमिन आहे, दुसऱ्या जागी क्लोरिन. पॅलेडियम सहसा आधी कार्बन-ब्रोमिन बंधात शिरतो, बोरॉन लावलेला दुसरा तुकडा बोरॉनकडून उचलतो, दोन्ही तुकडे स्वतःवर शेजारी-शेजारी आणतो, त्यांना जोडतो आणि मोकळा होऊन पुढच्या रेणूकडे जातो. क्लोरिन जागच्या जागी राहतं, पुढच्या पायरीला कामी येतं. त्याच रेणूवर एस्टर किंवा कीटोन असेल तर बहुतेक वेळा त्यालाही धक्का लागत नाही. निवडकपणा म्हणतात तो हाच. २००१ च्या नोबेल मानकऱ्यांपैकी नोल्स यांनी ऱ्होडियमला योग्य घडणीचा फॉस्फिन लिगँड (धातूला चिकटून त्याचं वागणं ठरवणारा, फॉस्फरस असलेला रेणू) जोडला आणि पार्किन्सनवरच्या एल-डोपा या औषधाचं नेमकं हवं ते रूप कारखान्यात मिळवलं; आरशातलं दुसरं रूप औषध म्हणून उपयोगाचं नव्हतं.

सीनियरांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनच्या निर्मितीत एक महत्त्वाची पायरी ऱ्होडियम आणि उच्च दाबाचा हायड्रोजन वापरून व्हायची. तिथे पुढे मुद्दाम घडवलेलं एन्झाइम आलं. असं यापुढेही होत राहील. पण कुठे एन्झाइम बरं आणि कुठे धातू, हे ठरवायला दोन्ही जाणणारा माणूस लागतो. शिवाय धातूंची स्वतःची कामं भरपूर पडून आहेत. पॅलेडियमच्या जागी निकेल, लोह, कोबाल्ट आणायचे आहेत, आणि निकेल म्हणजे काही स्वस्तातलं पॅलेडियम नव्हे. तो बऱ्याचदा एकेका इलेक्ट्रॉनच्या वाटेनं जातो, त्यामुळे त्याचं रसायनशास्त्र वेगळं शिकावं लागतं. ब्रोमिन-बोरॉन न लावता थेट कार्बन-हायड्रोजन बंधावर, तेही हव्या त्याच जागी काम करायचं, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. आणि औषधातून धातू काढायचा असतोच: तोंडावाटे घेण्याच्या औषधातून दिवसाला पॅलेडियम १०० मायक्रोग्रॅमच्या वर पोटात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. प्रोसेस केमिस्टचा, म्हणजे कारखान्यासाठी पद्धत बसवणाऱ्याचा, बराच वेळ त्यातच जातो.

आता स्वभावाचं. पुस्तकातलं उत्प्रेरकाचं चक्र सुंदर असतं, फ्लास्कमध्ये ते मध्येच बंद पडतं. मिश्रण काळं झालं, म्हणजे बहुधा पॅलेडियम गोळा होऊन खाली बसला. फॉस्फरस एनएमआरमध्ये (रेणूतल्या फॉस्फरसची अवस्था दाखवणाऱ्या तपासणीत) उणे ५ च्या आसपासचा ट्रायफेनिलफॉस्फिन या लिगँडचा सिग्नल जाऊन २९ च्या आसपास नवा आला, म्हणजे लिगँडला हवा लागली. टीएलसीवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांत वेगळे करणाऱ्या पट्टीवर) अनोळखी ठिपका दिसतो. बोरॉनिक आम्लाचे, म्हणजे बोरॉन लावलेले, दोन तुकडे आपसातच जुळले असतील, किंवा बोरॉन गळून नुसतं कडं उरलं असेल. २००९ मध्ये तर फेरिक क्लोराइडच्या नावावर जमा असलेल्या काही रिअ‍ॅक्शन पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा खरं काम त्यातल्या लेशमात्र तांब्यानं केल्याचं दिसलं. या क्षेत्रात तुझे दिवस असल्या शोधात जातील. नवी रिअ‍ॅक्शन सापडण्याचे दिवस थोडे असतात. थांबलेली रिअ‍ॅक्शन का थांबली, हे खणून काढायला ज्यांना आवडतं, तेच इथे टिकतात, आणि नोकरी देणारेही हेच कसब शोधत असतात.

आवडतं की नाही, याची परीक्षा एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्येच घे. नवं काही नको. एक साधं सुझुकी कपलिंग मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली नीट जमव, मग मुद्दाम बिघडव: एकदा द्रावकातली हवा न काढता, एकदा बेस न घालता, एकदा उत्प्रेरक दहापट कमी करून. प्रत्येक वेळी काय उरलं, काय नवं तयार झालं, ते ओळखून वहीत लिही. चार बिघडलेल्या फ्लास्कनंतरही पाचवा लावायची ओढ वाटली, तर खुशाल या वाटेला जा. नुसता वैताग आला, तर त्यात कमीपणा नाही, पीएच.डी.ची वर्षं घालवण्याआधी कळलं, हे चांगलंच.

बाबांची काळजी रास्त आहे आणि तिच्यावर उपाय याच विषयात आहे. रेणूची रचना दाखवणारं एनएमआर, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी, रेणूचं वजन सांगणारं मास स्पेक्ट्रोमेट्री आणि धातूंचा अंश मोजणारं आयसीपी-एमएस, ही यंत्रं या कामात रोज लागतात. ती स्वतःच्या हातानं चालवायला शिक. सॅम्पल देऊन निकालाची वाट बघत बसू नकोस. औषधं, कीटकनाशकं, ओएलईडी पडद्यांची द्रव्यं बनवणाऱ्या कंपन्यांत एम.एस्सी.वर प्रयोगशाळेत काम मिळू शकतं. पद्धत आखण्याची जबाबदारी मात्र बहुतेक ठिकाणी पीएच.डी.नंतरच हाती येते, हे बाबांना आधीच स्पष्ट सांग.

गाइड निवडताना शोधनिबंधांच्या संख्येवर जाऊ नकोस. त्यांच्या विद्यार्थ्यांना एकट्यानं भेट आणि तीन गोष्टी विचार: ग्लोव्हबॉक्स (हवा-ओलावा टाळून काम करायची बंद पेटी) चालू स्थितीत आहे का, फसलेल्या प्रयोगांवर ग्रुप मीटिंगमध्ये चर्चा होते का, आणि आधीची मुलं आज कुठे काम करतात. दुसऱ्या प्रश्नाला ते अडखळले, तर दुसरा ग्रुप बघ.