वाचकांचे प्रश्न : भंडारदऱ्याला तंबूतली रात्र

प्रश्न : आम्ही नाशिकचे. दोघे मोठे आणि सात व अकरा वर्षांची मुले. मागच्या हिवाळ्यात शनिवार-रविवार भंडारदऱ्याला तलावाकाठी तंबू लावला. पाऊस नव्हता, तरी पहाटे तंबू आतून ओलाचिंब झाला, पांघरुणे भिजली, मुले कुडकुडली. तंबू गळका असेल का?

उत्तर : बहुधा नाही. ते पाणी तुमच्याच श्वासाचे. चार माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर साठत जाते आणि उघड्या आकाशाखाली गार पडलेल्या कापडावर तिचे थेंब धरतात. थंडी वाजते म्हणून आपण सगळ्या चेना बंद करतो आणि वाफ आतच कोंडतो. वरची झडप उघडी ठेवा, दाराची चेनही वरून वीतभर सोडा. बाहेरचे आवरण ताणून बांधा. ते आतल्या कापडाला टेकले की तिथून ओल झिरपलीच. तंबूखालची ताडपत्री बुडापेक्षा दोन-तीन बोटे लहान दुमडा, नाहीतर बाहेर राहिलेली कड दव गोळा करून खाली ओढते.

जागाही चुकली असावी. वारा पडलेल्या रात्री थंड हवा डोंगरउतारावरून ओघळून पाण्यालगतच्या सपाटीवर साचते. काठापासून थोडे वर, चढावरचा एखादा सपाट तुकडा शोधा. विल्सन धरणाचे पाणी ओसरून उघडी पडलेली गाळाची जमीन वरून टणक दिसते, पण खाली मऊ असते आणि खुंट्या धरत नाही. वरच्या अंगाला उलट अडचण : वीतभर मुरूम आणि मग कातळ. खुंटी वाकू लागली की ठोकत बसू नका. दोरी नारळाएवढ्या दगडाला गुंडाळा आणि त्यावर आणखी एक जड दगड ठेवा. जमीन कोणाची आहे ते गावात विचारून घ्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही.

मुले कुडकुडण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा पाठीखाली असते. अंगाच्या भाराने अंथरूण दबते, त्यातली हवा निघून जाते आणि जमीन ऊब ओढून घेते. फुगवायच्या साध्या गाद्यांचा इथे उपयोग नाही, आतली हवाच गार होऊन फिरत राहते. दहा मिलिमीटर जाडीच्या फोमच्या चटया घ्या, त्यावर गोधडी अंथरा. चार घोंगड्या असतील तर दोन खाली घाला. झोपताना मुलांचे दिवसभराचे कपडे, विशेषतः मोजे, बदलायला लावा; घामाने दमट झालेले मोजे रात्रभर पाय गार ठेवतात.

प्रश्न : छोट्या गॅसच्या डब्यावर चौघांचा स्वयंपाक होतो का? पहाटे आच मंद होते.

उत्तर : होतो. 230 ग्रॅमचा डबा पूर्ण आचेवर साधारण दीड तास चालतो. तीन लिटरच्या कुकरमध्ये दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ आणि सात वाट्या पाणी घातले की खिचडी होते, आणि दोन वेळच्या चहालाही गॅस उरतो. तरी एक डबा जादा ठेवाच. आतला ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ वायुरूप होणेच थांबवतो. त्यात गॅस वापरताना डबा स्वतःही गार होत जातो, म्हणून भंडारदऱ्याच्या पहाटेलाही आच रोडावते. डबा रात्री तंबूतच ठेवा आणि सकाळी थोडा वेळ हातांत धरून ऊब द्या. आचेवर किंवा गरम पाण्यात तापवू नका. ज्या शेगडीत डबा बाजूला बसतो तिच्यावर मोठा तवा नको : तव्याची कड डब्यावर आली की तो तापून फुटू शकतो.

प्रश्न : झोपताना निखाऱ्यांची शेगडी तंबूत ठेवली तर?

उत्तर : अजिबात नको, झडप उघडी असली तरी. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. त्यापेक्षा जाड प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि मुलांच्या पायांशी ठेवा.